बाबांची चौकट

कॅल्विनच्या आईबाबांना नावंच नाहीत, हे माझ्या लक्षात यायला पंचवीस वर्षं लागली. शाळेत असताना 'कॅल्विन अँड हॉब्स' या अमेरिकी चित्रपट्टीची, म्हणजे कॉमिक स्ट्रिपची, पारायणं केली होती. सहा वर्षांचा कॅल्विन, इतरांच्या लेखी कापडी पण त्याच्यासाठी जिताजागता असलेला हॉब्स नावाचा वाघ, आणि बर्फावरची घसरगाडी. बाकीची माणसं मधेमधे कडमडायला. परवा तोच जाडजूड संग्रह पुन्हा उघडला, तर डोळे भलतीकडेच जायला लागले.

नावं ही पट्टी काढणाऱ्या बिल वॉटरसनने मुद्दामच ठेवली नव्हती. कॅल्विनसाठी ते आई आणि बाबा, विषय संपला. मग १९८८ मध्ये त्याने मॅक्सकाका आणला आणि पंचाईत झाली. सख्खा भाऊ भावाला हाक काय मारणार? 'अहो कॅल्विनचे बाबा'? काका गेला तो परत आलाच नाही. तेव्हा मला यात काही खटकलं नव्हतं. आता शाळेच्या ग्रुपवर निम्म्या लोकांच्या फोनमध्ये मीही 'अमक्याचे बाबा' म्हणूनच आहे.

हे बाबा तर मला तेव्हा चक्क खोटारडे वाटायचे. पोराने विचारलं, जुने फोटो काळे-पांढरे का? तर गृहस्थ शांतपणे सांगतात, फोटो रंगीतच आहेत रे, तेव्हा जगच काळं-पांढरं होतं. (मी काही दिवस यावर विश्वास ठेवून होतो.) दिवसभर पेटंटच्या कागदांत डोकं घालून आलेल्या माणसाची संध्याकाळची एवढीच चैन, हे आता कळतं.

अडकलो मात्र चोरीच्या गोष्टीपाशी. सगळे लग्नाला परगावी जातात, घाईत हॉब्स घरीच राहतो. परत येऊन बघतात तर घर फोडलेलं. लहानपणी मी ही पानं जीव मुठीत धरून उलटायचो. हॉब्स सापडला? सापडला. मग काय, पुढची गोष्ट!

पण त्यानंतर रात्र आहे. अंधारात आईबाबा टक्क जागे. लहानपणी वाटायचं, मोठ्या माणसांना काय करायचं ते बरोबर ठाऊक असतं, असं काहीसं बाबा बोलतात. हे सगळं ऐनवेळी सुचेल तसं रेटायचं असतं हे आधी माहीत असतं, तर मोठं व्हायची एवढी घाई केली नसती, असंही म्हणतात. ही चौकट मला आठवतच नव्हती. विनोद दिसला नाही म्हणून ओलांडून गेलो असणार, दर पारायणात.

आमच्याकडे रात्री कुठे खुट्ट झालं की सगळे माझ्याकडे बघतात. मी टॉर्च घेऊन उठतो. त्यात सेल आहेत की नाहीत, हे मलाही माहीत नसतं. चाल मात्र अशी, की जणू रोजचंच काम.

शेवटची पट्टी ३१ डिसेंबर १९९५ची. ताजा बर्फ पडलाय, आणि दोघं घसरगाडीवर बसून त्या पांढऱ्या पानात निघून जातात. या चौकटीचं फार कौतुक होतं, आणि ते रास्तच आहे. मी मात्र तिच्या कडेला एखादी खिडकी शोधत होतो. अंधार पडायच्या आत येतील ना दोघं? आल्यावर ओले मोजे कुठे वाळत घालायचे? खिडकी काढलेली नाही. तरी पुस्तक मिटण्याआधी एकदा पुन्हा बघितलं.