रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर तोलताना

पिस्तूल नेमबाजी स्पर्धांच्या 25 मीटर सेंटर फायर प्रकारात .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर घेऊन उतरणारे आता विरळाच, त्यामुळे साधन-तपासणीच्या टेबलावर आमचे हत्यार आले की तपासनीस जरा गोंधळतो. नोंदणी आणि परवान्याची पडताळणी विनातक्रार झाली. घोडे अडले ते ट्रिगरच्या वजनापाशी.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार या प्रकारात ट्रिगर पुल, म्हणजे ट्रिगर सुटायला लागणारे वजन, किमान 1000 ग्रॅम असावा लागतो (10 मीटर एअर पिस्तुलाला 500 ग्रॅम पुरतात). ते तपासण्यासाठी हॅमर (काडतुसावर आदळणारा घोडा) चढवून नळी उभी धरायची, टेबलावरच्या प्रमाणित वजनाची धार, म्हणजे ट्रिगरला अडकणारी त्याची कड, ट्रिगरच्या मध्याजवळ अडकवायची आणि हॅमर न पडता वजन टेबलावरून पूर्ण उचलायचे. प्रयत्न जास्तीत जास्त तीन मिळतात. टेबलावरच्या गृहस्थांनी मात्र ती धार थेट ट्रिगरच्या टोकाशी लावली आणि हॅमर पडला. "साहेब, जरा मध्यावर घ्या," असे मी म्हटले, तर "अहो, वजन ते वजनच, कुठेही लावा," असे उत्तर मिळाले आणि दुसऱ्यांदाही तेच घडले.

वजन वजनच असते हे खरे, पण ट्रिगर ही तरफ आहे. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगरच्या पिनपासून मध्य सुमारे 22 मिलिमीटरवर आणि टोक सुमारे 27 मिलिमीटरवर येते. म्हणजे मध्यावर 1120 ग्रॅमला सुटणारा ट्रिगर टोकाशी 910 ग्रॅमच्या आसपासच सुटणार, आणि 1000 ग्रॅमचे वजन तिथे टिकण्याचा प्रश्नच येत नाही. हे गणित मी कागदावर मांडून दाखवले, तरी ते बघायची त्यांची तयारी नव्हती. मागची रांग कुरकुरत होती आणि माझा पाराही चढत होता. तिसरा प्रयत्न करू देण्यास मी साफ नकार दिला आणि ज्युरीला (स्पर्धेच्या पंचमंडळाला) बोलवा म्हणून अडून बसलो. बऱ्याच वेळाने ज्युरीतील एक ज्येष्ठ सदस्य आले, त्यांनी धार ट्रिगरच्या वळणात नीट बसवली, सावकाश उचलली, आणि वजन अधांतरी राहिले. त्या क्षणी मला झालेला आनंद पदकाहून फार कमी नव्हता.

त्या रागातूनच मी क्लबमधल्या रिव्हॉल्व्हरांचे ट्रिगर तोलायला घेतले. परवाना ज्याचा, हत्यार त्याच्याच हातात, म्हणून प्रत्येकाला रेंजवर बोलवावे लागले. सिंगल ॲक्शनचे, म्हणजे हॅमर आधी हाताने चढवून केलेले, मोजमाप सोपे आहे, कारण हॅमर चढवल्यावर सिलिंडर (काडतुसांचे फिरते नळकांडे) जागेवर बसलेला असतो आणि आकडे फारसे हलत नाहीत. डबल ॲक्शनमध्ये मात्र तोच ट्रिगर हॅमरही मागे नेतो आणि सिलिंडरही फिरवतो, त्यामुळे सिलिंडरमधल्या काडतुसांच्या सहाही घरांचे आकडे वेगवेगळे निघू शकतात. एकाच घराच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. माझा स्प्रिंगचा काटा साडेतीन किलोलाच संपत असल्याने तिथे निरुपयोगी ठरला, आणि शेवटी वाळूची पिशवी टांगून थोडीथोडी वाळू वाढवत जावे लागले. या पद्धतीने स्मिथ अँड वेसनचे एक जुने .32 पाच किलोच्या आसपास सुटले, तर कानपूरच्या आयुध निर्माणीचे, मधून मोडून उघडणारे, साडेसहा किलोच्याही पुढे गेले. सिंगल ॲक्शनमध्ये या दोघांतला फरक बोटाला जेमतेम कळेल इतकाच होता.

खरे तर आधी सांगायला हवे होते: मोजण्यापूर्वी सिलिंडर उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री दोघांनी करावी आणि आत डमी काडतुसेच घालावीत. ओढ सावकाश आणि सरळ मागे असावी, कारण झटका दिला की डिजिटल काटा त्या झटक्याचाही आकडा धरून ठेवतो. स्पर्धेला जाताना मध्यावर मोजून निदान 100 ग्रॅम जास्तीचे ठेवावेत, आणि पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्याच्या आधीच, आवाज न चढवता, ज्युरीला बोलावून घ्यावे.