रेघेची कडा हवी की मधली रेघ? स्कॅन केलेली नक्षी व्हेक्टर करताना

सोलापुरात माझ्याकडे व्हेक्टर करायला, म्हणजे स्कॅनच्या ठिपक्यांऐवजी रेघा-वक्रांच्या रूपात आणायला, दोन प्रकारची रेखाटनं येतात. चादर-टॉवेलवाल्यांच्या जुन्या वह्यांतले शाईने काढलेले मोर, कमळं, बुट्ट्या. आणि युनिफॉर्म शिवणाऱ्यांकडची शाळांची बोधचिन्हं. सॉफ्टवेअर कुठलं वापरायचं हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, फाइल शेवटी कुठल्या मशीनवर जाणार?

स्कॅनला मात्र सगळीकडे एकच नियम: ६०० डीपीआय (इंचाला ६०० पिक्सेल), टिफ किंवा पीएनजी. ०.३ मिमीची रेघ ३०० डीपीआयला जेमतेम साडेतीन पिक्सेल भरते, ६०० ला सात. स्कॅनरचा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोड नको; काळं-पांढरं तो आपल्या मनाने ठरवतो आणि फिकट रेघ तुटते. ग्रेस्केल (करड्या छटांचं) घ्यावं. जेपेगमुळे रेघेच्या आजूबाजूला करडा कचरा येतो. पान पातळ असेल आणि मागची शाई दिसत असेल, तर पाठीमागे काळा कागद ठेवावा. नक्षी निळ्या चौकटींच्या ग्राफवर असेल तर रंगीत स्कॅन करून गिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये निळं चॅनल (चित्रातला फक्त निळ्या रंगाचा थर) वेगळं काढावं. त्यात चौकटी जवळजवळ पुसल्या जातात, काळी शाई तशीच राहते. लाल चौकटींना लाल चॅनल.

आता मुख्य फरक. इंकस्केप या व्हेक्टर-सॉफ्टवेअरचं नेहमीचं ट्रेस बिटमॅप (आत पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम) काळ्या भागाची कडा पकडतं. म्हणजे एक रेघ ही दोन्ही बाजूंनी बंद, आतून भरलेला आकार होते. स्टिकर कापायला, लेबल छापायला हेच उत्तम. हाताच्या रेघेची जाड-बारीक लयही टिकते. पण हीच फाइल भरतकामात धावदोऱ्याला दिली की सुई रेघेच्या दोन्ही कडांवरून फिरते आणि जाडजूड दुहेरी शिवण पडते. तिथे सेंटरलाइन ट्रेसिंग (रेघेच्या मधोमध एकच रेघ काढणारं) लागतं, इंकस्केप १.० पासून ते आतच आहे.

कडा काढताना स्पेकल्स (किती पिक्सेलपर्यंतचे ठिपके गाळायचे तो आकडा) मी ३० च्या आसपास ठेवतो. अर्ध्या मिमीच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ ६०० डीपीआयला शंभरावर पिक्सेल असतं, त्यामुळे बुट्टीतले ठिपके वाचतात आणि धूळ जाते. स्मूद कॉर्नर्स १ वर ठेवलं की मोराची चोच बोथट होते, ०.६-०.७ वर टोक शाबूत राहतं.

सेंटरलाइनची खोड सांध्यांवर दिसते. पानाची शीर देठाला मिळते तिथे रेघ वाकते, बारीक काटे फुटतात. मोराच्या डोळ्यासारख्या भरीव जागेचा तर नुसता सांगाडा उरतो. म्हणून भरीव जागा आधी पांढऱ्या करून घ्याव्यात, त्यांची कडा वेगळी ट्रेस करून वर बसवावी. सांधे हातानेच नीट करावे लागतात, त्याला पर्याय नाही. नक्षी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर अर्धीच बेझिए पेनने (बिंदू देत वक्र काढण्याच्या साधनाने) काढून उलटवणं मला जास्त पटतं. मूळ चित्रातला डाव्या-उजव्यातला फरकही त्यात निघून जातो.

जॅकार्डला (विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागाला) व्हेक्टर थेट जात नाही, शेवटी चौकटींचा ग्राफच लागतो. तरी मेहनत वाया नाही: तीच नक्षी वेगळ्या मापाच्या मागासाठी पुन्हा काढता येते. इंचाला ४८ ताणे (उभे दोरे) आणि ४० बाणे (आडवे दोरे) असतील तर ४ इंची चौरस कमळ १९२ × १६० चौकटींत बसवायचं. दोन्हीकडे सारख्या चौकटी धरल्या तर कापडावर कमळ उभं ताणलेलं दिसतं. इथे ताण्याच्या दिशेने, म्हणजे उभी, एक चौकट ०.६३५ मिमीची होते, म्हणजे ०.३ मिमीची रेघ जागोजागी गायब होणार. सेंटरलाइनने काढलेल्या रेघेची जाडी एका आकड्यात ०.७ मिमी करता येते. त्यानंतरच अँटिएलियासिंग (कडा करड्या छटांनी मऊ करणं) बंद ठेवून पीएनजी काढावी. करडी एक चौकट जरी राहिली, तरी तिथे दोरा वर की खाली हे कुणीतरी हाताने ठरवत बसतं.