९९९ चे १०६५

"मामा, हे वरचे ६६ डॉलर कसले?"

भाच्याने साताऱ्याहून अगदी नम्रपणे विचारलं होतं. त्याला मी ब्लॅक फ्रायडेच्या लॅपटॉपची लिंक पाठवली होती, किंमत ९९९ डॉलर. मग एकूण हिशोब पाठवला, १०६५. मामा मध्ये दलाली खातोय असं त्याला वाटलं असेल असं मी म्हणत नाही. पण पैसे दाजी देणार होते, आणि दाजी हिशोबाचे पक्के. तेव्हा हा खुलासा सगळ्यांसाठीच लिहून टाकतो.

ब्लॅक फ्रायडे काय असतो ते सांगत बसत नाही, तो आता पुण्यातल्या मॉलमध्येही असतो. रात्रभर थंडीत रांगा लावणं, दार उघडताच टीव्हीवर झडप घालणं हे इथे अमेरिकेत बरंच ओसरलंय. सेल नोव्हेंबर लागताच सुरू होतात, आणि बहुतेक खरेदी माणूस पलंगावर लोळत करतो. तक्रार गर्दीबद्दल नाहीच. तक्रार किमतीच्या चिठ्ठीबद्दल आहे.

अमेरिकेत फळीवर लिहिलेली किंमत ही किंमत नसते. ती बोलणीची सुरुवात असते, फक्त बोलणी करायची मुभा नसते. विक्रीकर काउंटरवर चढतो. आमच्या न्यू जर्सीत तो ६.६२५ टक्के आहे. हा आकडा तोंडी काढून दाखवा! गणितात बरे गुण मिळवलेला मीसुद्धा दुकानात उभा राहून मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कर वेगळा, न्यूयॉर्क शहरात वेगळा, आणि इतर कितीतरी राज्यांत तर जिल्हा बदलला की दर बदलतो. जाहिरात सगळ्या देशाला एकच, म्हणून कर धरून किंमत छापणं परवडत नाही म्हणे. ज्यांना माझ्या आवडीचा चपलेचा रंग माझ्याआधी कळतो, त्यांना माझ्या दुकानातल्या फळीवर बेरीज करून लावता येत नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

आपल्याकडे साध्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा एमआरपी असते आणि पुढे "सर्व करांसहित" असं छापलेलं असतं. दहा रुपये म्हणजे दहा रुपये. स्टेशनवरच्या स्टॉलवाल्याने कुलिंग चार्ज म्हणून दोन रुपये जादा मागितले की गाडी सुटेपर्यंत भांडायचा हक्क आपल्याला कायद्याने दिलाय. इथल्या लोकांना मी हे अभिमानाने सांगतो. ४५ हजारांची एमआरपी छापून २४,९९९ ला "महासेल"मध्ये विकलेला टीव्ही मात्र त्यांना सांगत नाही. घरातलं सगळंच चव्हाट्यावर मांडायचं नसतं.

ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याला मी हे एमआरपीपुराण ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "म्हणजे सरकारने किती घेतले ते गिऱ्हाइकाला दिसतच नाही?" बिलावर दिसतं, मी म्हणालो. किती? मोबाइलवर आणि लॅपटॉपवर १८ टक्के. तो काही बोलला नाही. नुसता हसला, आणि ते हसणं मला दिवसभर पुरलं. १८ टक्के देऊन मी कधी कुरकुर केली नव्हती आणि ६.६२५ साठी ब्लॉग लिहितोय, असं कुणी म्हणेल. पण ते १८ किमतीच्या पोटात असतात. हे ६.६२५ खिशात हात घातल्यावर भेटतात. फरक आहे.

तर, यावर इथल्या मंडळींचा उतारा म्हणजे डेलावेअर. ओरेगॉन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि अलास्कासारखंच या चिमुकल्या राज्यातही राज्याचा विक्रीकर नाही. फळीवर ९९९ तर काउंटरवरही ९९९. न्यू जर्सीतल्या एडिसनहून टर्नपाइक हा टोलचा महामार्ग पकडायचा, पार दक्षिण टोकाला जायचं, डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडायचा आणि क्रिस्टियाना मॉल गाठायचा. साधारण दीडशे किलोमीटर. सुट्टीच्या हंगामात त्या पार्किंगमध्ये डेलावेअरची नंबरप्लेट शोधावी लागते. सगळे आम्ही, पेनसिल्व्हेनियावाले आणि मेरीलँडवाले. मराठी तर हमखास कानावर पडतं.

पूर्वी ऑनलाइन मागवलं की पुष्कळदा कर लागायचाच नाही. २०१८ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ डाकोटा राज्याच्या बाजूने निकाल दिला. राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्यालाही कर गोळा करायला लावता येईल असं ठरलं, आणि ती वाट बुजली. उरला तो पूल. पुलाचा टोल फक्त डेलावेअरकडे जाताना घेतात, येताना नाही. आत शिरायचे पैसे घेतात आणि आत कर माफ करतात, धंदा कळतो त्यांना.

बायकोचं म्हणणं, टोल, पेट्रोल आणि फूड कोर्टातलं जेवण धरलं तर ६६ डॉलरमधले किती उरले? वर ती आठवण करून देते की न्यू जर्सीचा विक्रीकर ७ वरून ६.६२५ वर आला तो २०१६ च्या तडजोडीत, बदल्यात पेट्रोलवरचा कर वाढवून. म्हणजे उतरलेला कर चुकवायला मी चढलेल्या कराचं पेट्रोल जाळतो. शिवाय घरापासून जवळ, एलिझाबेथमधल्या सवलत क्षेत्रात बऱ्याच दुकानांत निम्माच कर लागतो, ३.३१२५ टक्के. (दशांश चिन्हानंतर चार आकडे! ही माणसं कर लावत नाहीत, काव्य करतात.) तिचं सगळं बरोबर आहे. पण निम्मा कर म्हणजे कर आहेच की. आणि जकात वाचवायला हद्दीबाहेरून माल उचलणाऱ्यांची पिढी आपली. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली, रक्तातली कशी जाईल?

भाच्याचा लॅपटॉप ९९९ लाच आणला. दाजींना पावतीचा फोटो पाठवला, त्यात करापुढे शून्य स्पष्ट दिसतंय. टोल मी मागितलेला नाही. मार्गशीर्षात गावी येईन तेव्हा लॅपटॉप सोबत येईल. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला भारतात एक लॅपटॉप सीमाशुल्काविना आणता येतो. टीव्हीचं मात्र कुणी नाव काढू नका. सपाट पडद्याचे टीव्ही ऑगस्ट २०१३ पासून शुल्कमाफीतून बाहेर आहेत, आणि इथला टीव्ही १२० व्होल्टवरचा. आपल्या प्लगात लावून त्याचं काय झालं हे मला फोनवर ऐकायचं नाही.

आणि हे सगळं जुळून आल्यावर त्याच सहकाऱ्याने परवा जेवताना सांगितलं की डेलावेअरहून आणलेल्या वस्तूवर न्यू जर्सीला वापर कर, म्हणजे वस्तू जिथे वापरायची त्या राज्याचा कर, द्यावाच लागतो. दर तोच, ६.६२५. राज्याच्या आयकर फॉर्मवर त्यासाठी चक्क एक ओळ आहे. पावत्या नसतील तर हजार डॉलरच्या आतल्या वस्तूंसाठी उत्पन्नानुसार अंदाजे रकमेचा तक्ताही दिलाय. किती जण ती ओळ भरतात, मी विचारलं. तो पुन्हा तसाच हसला.

माझ्याकडे तर पावती आहे, वर दाजींकडे तिचा फोटोही आहे. फॉर्म एप्रिलपर्यंत भरायचाय. लॅपटॉप वापरणार साताऱ्यात, मग न्यू जर्सीत वापर कसला, हा माझा मुद्दा मी तयार ठेवलाय. बायको म्हणते, तो चालणार नाही. टोल त्यातून वजा होत नाही, हे मात्र मी स्वतःच वाचून काढलं.