वाचनालयाची यादी आणि पर्ल: कॉमे पाच, तुकडेही पाचच

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची देणगीदारांची यादी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत नीट लावतोय. ओळीत ६ रकाने: पावती क्रमांक, नाव, पत्ता, रक्कम, तारीख, शेरा. म्हणजे कॉमे ५ हवेत.

कॉमे मोजायला पर्लचा टीआर (tr) हा आदेश वापरला. तो खरा अक्षरं बदलायचा, पण बदली अक्षर दिलं नाही तर ओळीला हात न लावता किती सापडली तेवढं सांगतो. उत्तर ५ आलं. स्प्लिट (split) या आदेशाने कॉमाच्या जागी ओळ तोडली, तर ६ ऐवजी काही ओळींचे तुकडेही ५च! दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी एक ओळ कागदावर उतरवली तेव्हा उमगलं, शेरा कोरा असेल तिथंच हे होतंय. पर्लचं स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे टाकून देतं, मधले ठेवतं. तारीखही कोरी असली की ४च उरतात. स्प्लिटला कॉमा आणि ओळ यांच्यानंतर -१ दिलं की सगळे रकाने जागेवर राहतात. आणि हे दिसलं ते आधी चॉम्प (chomp) करून ओळीअखेरचं न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह, काढलं होतं म्हणून. ते चिकटून राहिलं असतं, तर शेवटचा तुकडा रिकामा ठरलाच नसता. पायथन या दुसऱ्या भाषेत कॉमा देऊन तोडलं तर रिकामे तुकडे आपसूक राहतात, मला ते जास्त पटतं.

मग पत्त्यांची पाळी. ‘मु. पो. जांबोटी, ता. खानापूर’ यात कॉमा आलाच. म्हणून रकान्यांमध्ये उभी रेघ घातली आणि स्प्लिटला तीच दिली, तर ‘खानापूर’चे २१ तुकडे! स्प्लिट कुठं तोडायचं हे पॅटर्नवरून, म्हणजे शोधायच्या नमुन्यावरून ठरवतं, आणि पॅटर्नमध्ये उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. दोन्ही बाजूंना काहीच नाही, म्हणून ती कुठंही जुळते. त्यात मी मजकूर डीकोड केला नव्हता, म्हणजे बाइटांची अक्षरं करून घेतली नव्हती, म्हणून प्रत्येक बाइट सुटा झाला; ‘खानापूर’मध्ये काना-उकार धरून ७ चिन्हं, यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट. रेघेआधी बॅकस्लॅश (\) दिला, म्हणजे ती साधी रेघच धरली जाते, आणि सुटलो. कॉमाने मात्र डीकोड न करताही देवनागरी कधी फुटली नव्हती, कारण कॉमाचा बाइट आपल्या अक्षरांच्या बाइटांत येतच नाही.

आता ५ रेघा नसलेल्या ११ ओळी उरल्यात. रविवारी खजिनदारकाकांकडे जुनी पावतीपुस्तकं घेऊन बसणार आहे. तिथंच जिल्ह्याच्या नावाचंही बघायचंय: १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, त्यानंतरच्या पावत्यांवर कुठं बेळगाव आहे, कुठं बेळगावी.