आमची वाटचाल : आधी डागाची जात, मग औषध

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही गाड्या धुण्याचे काम सुरू केले, तेव्हा आमच्याजवळ एक प्रेशर पंप, दोन बादल्या आणि डाग दिसला की थिनर फिरवायचा, एवढेच ज्ञान होते. त्या ज्ञानाची किंमत पहिल्याच वर्षी मोजावी लागली. मुंबई-आग्रा महामार्गावरील ताज्या डांबरावरून आलेल्या एका पांढऱ्या गाडीचे ठिपके मी स्वतः थिनरने पुसले. ठिपके गेले, परंतु मागचे दार पूर्वी कधीतरी बाहेर रंगवून घेतलेले असल्याने त्याचा रंगही बोळ्याबरोबर निघून आला. दार आम्ही पदरचे पैसे घालून रंगवून दिले, आणि त्या दिवशी शेडबाहेर गेलेला थिनरचा डबा आजतागायत आत आलेला नाही.

डांबर निघते ते घासण्याने नव्हे, विरघळण्याने. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठिपक्यावर मिनिटभर नुसता टेकवून ठेवला की तपकिरी ओघळ आपोआप खाली उतरू लागतो. तो टिपायचा, कापडाची घडी दर वेळी बदलायची, आणि शेवटी शाम्पूने तेलकटपणा धुऊन तेथे मेण लावायचे. हे सारे सावलीत आणि पत्रा गार असताना. कारखान्यातील रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) असतो, त्यामुळे नखाने किंवा ब्लेडने डाग खरवडणाऱ्या मालकांना मी अजूनही हात जोडतो.

झाडाखालच्या डागांनी मात्र आम्हाला जास्त शिकवले. गिऱ्हाईक सरसकट ‘चीक’ म्हणते. पण माघ-फाल्गुनात आंबा मोहरला की गंगापूर रोडच्या बंगल्यांतून येणाऱ्या गाड्यांवरचा चिकटा बहुतेक वेळा झाडाचा नसतोच, तो मोहरावरच्या तुडतुड्यांनी टाकलेला गोड स्राव असतो आणि ताजा असेल तर कोमट पाण्याने जातो. कडुनिंबाचा किंवा बाभळीचा डिंकही ओल्या फडक्याखाली फुगून मऊ पडतो. वडाचा चीक रबरासारखा, त्याला पाणी काहीच करत नाही. तेथे पुन्हा टर्पेंटाइनच लागते. पहिल्या दोन प्रकारांत आम्ही फोनवरच उपाय सांगतो. त्यात धंदा बुडतो असे माझ्या भावाचे मत आहे, आणि हिशेबाच्या वहीपुरते ते खरेही आहे. उन्हात महिनाभर भाजून निघालेला डाग मात्र क्लिअर कोटमध्ये उतरलेला असतो. मग क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) आणि पॉलिश यांवाचून इलाज नसतो, आणि तरीही पुसट खूण राहू शकते, हे आम्ही गाडी हातात घेण्यापूर्वीच सांगतो.

सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे चालू असल्याने डांबराचे डाग पडलेल्या गाड्या अधिक येतात आणि दोन नवी मुले घ्यावी लागली. त्यांना पहिला आठवडा गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावू देत नाही. भंगारातून आणलेल्या एका काळ्या बॉनेटवर मीच डांबर शिंपडून ठेवतो आणि बोळा टेकवून स्वस्थ उभे राहायला सांगतो.