मागे कोण घेणार?

"समोरून एसटी आली तर मागे कोण घेणार?"

जेवणं उरकून नकाशा उघडला होता. रेवस ते रेडी, सागरी महामार्गानं, गाडीमागे ट्रेलर जोडून, आई-बाबा आणि पोरांसकट. मुक्काम दिवेआगरला की हरिहरेश्वरला, यावर आमचा वाद रंगलेला. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी मध्येच एवढंच विचारलं.

ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. ट्रेलर मागे घेताना त्याला डावीकडे वळवायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावं लागतं. मोकळ्या मैदानात जमेलही. पण आपल्या गावांतला रस्ता चिऱ्याच्या गडग्यांमधून जातो, वळणापलीकडचं दिसत नाही, आणि समोरच्या एसटीत माणसं खच्चून भरलेली असतात.

मग काकांनी जेट्टीचा विषय काढला. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं गेलं की चिपळूणकडून जाणारा मोठा वळसा वाचतो. पण ओहोटीला उतार जास्त असला तर ट्रेलरचा मागचा भाग खाली घासू शकतो. म्हणजे आधी भरतीची वेळ बघायची, मग निघायची वेळ ठरवायची.

मला हे फार पटलं. आपण किलोमीटर आणि तास मोजतो. त्याच रस्त्यानं रोज शाळेत, दवाखान्यात, बाजाराला जाणारी माणसं आपल्या हिशेबात कुठेच नसतात. आता ट्रेलर लहानच घ्यायचा आणि बाजाराच्या दिवशी गावात शिरायचं नाही, असं ठरतंय.

तवसाळ-जयगड फेरीतून कुणी ट्रेलर नेलाय का? ओहोटीला चढवता आला?