सालीसकट केळं

आमचा व्यवसाय जुन्या एलपींचा, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकड्यांचा. घ्यायच्या, धुवायच्या, ऐकून बघायच्या आणि विकायच्या. सुरुवातीला मिळेल ते घेत होतो. कुणाच्या माळ्यावरून उतरलेली खोकीच्या खोकी. अशाच एका खोक्यात व्हेल्वेट अंडरग्राउंड या अमेरिकी रॉक बँडचा 'द व्हेल्वेट अंडरग्राउंड अँड निको' हा अल्बम निघाला. बँडमधल्या जॉन केलचा तो एकसुरी घासत जाणारा व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) पहिल्यांदा ऐकला, तेव्हा ताई आणि मी दोन्ही बाजू संपेपर्यंत एक शब्द बोललो नाही. तिथून आम्ही या एकाच अल्बमच्या मागे लागलो.

तो १९६७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत व्हर्व्ह या रेकॉर्ड कंपनीकडून निघाला. कव्हरच्या पुढच्या बाजूला चित्रकार अँडी वॉरहॉलचं पिवळं केळं आणि त्याची सही. बँडचं नावच नाही. सुरुवातीच्या प्रतींवर ते केळं म्हणजे स्टिकर. सोललं की आत गुलाबी केळं. बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत हा अल्बम तेव्हा १७१ च्या वर चढला नव्हता. ज्यांनी घेतला त्यांनी केळं सोललं, आणि ते स्वाभाविकच होतं. म्हणून आज साल शाबूत असलेली प्रत हाती आली की आम्ही आधी हात पुसतो.

ताईने पूर्वी पुस्तकबांधणीचं काम केलं आहे, तिला कागद कळतो. ती विजेरी आडवी धरून स्टिकरची कड बघते. मूळ साल कडेला किंचित उचललेली असते, डिंक पिवळा पडलेला असतो. नंतरच्या कितीतरी आवृत्त्यांत केळं नुसतं छापलेलं आहे. त्यावरून बोट फिरवलं की कड लागतच नाही.

मागची बाजू त्याहून महत्त्वाची. पहिल्या प्रतींवर बँडच्या छायाचित्रामागे नट एरिक एमर्सनची प्रतिमा दिसते. परवानगीविना वापरली म्हणून त्याने पैसे मागितले. मग कंपनीने त्यावर मोठा काळा स्टिकर लावला, आणि पुढच्या छपाईत प्रतिमा पुसूनच टाकली. एकाच अल्बमची अशी तीन रूपं, आणि तिन्हींच्या किमतीत मोठं अंतर.

आमची मोठी चूक याच काळातली. कव्हर मोनोचं, म्हणजे एकाच वाहिनीतल्या आवाजाचं, क्रमांक व्ही-५००८, म्हणून आम्ही प्रत मोनो म्हणून विकली. ग्राहकाने घरी तबकडी बाहेर काढली तर तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवर व्ही६-५००८, म्हणजे स्टिरिओ, दोन वाहिन्यांतला आवाज. कुणीतरी कधीकाळी तबकडी चुकीच्या कव्हरात घातली होती आणि आम्ही लेबल वाचलंच नव्हतं. पैसे परत केले, येण्याजाण्याचा टपालखर्चही दिला. त्या दिवसापासून कव्हर, लेबल आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे या तिन्हींचे फोटो वेगवेगळे काढतो. ते आकडे वाचायला भिंग लागतं, वेळ लागतो, पण तबकडी कुठल्या साच्यातून निघाली ते तिथेच समजतं. विक्री त्यामुळे मंदावली, तरी आम्ही पद्धत सोडली नाही.

'आमच्याकडे पण एक जुनी तबकडी आहे' असे फोन अधूनमधून येतात. त्यामागे बहुधा ती गाजलेली गोष्ट असते: एप्रिल १९६६ मध्ये सेप्टर स्टुडिओत केलेल्या याच बँडच्या ध्वनिमुद्रणाची अॅसिटेट तबकडी (छपाईआधी ऐकून बघायला कोरलेली प्रत) २००२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जुन्या सामानात ७५ सेंटला मिळाली आणि २००६ मध्ये ऑनलाइन लिलावात २५,२०० डॉलरला गेली. आम्ही फोन करणाऱ्याला एवढंच सांगतो, की वाजवून बघू नका. अॅसिटेटचा थर मऊ असतो, प्रत्येक वेळी सुईने झिजतो. आधी फोटो पाठवा.

सध्या टेबलावर काळ्या स्टिकरची एक प्रत आहे. स्टिकरचा उजवा कोपरा नखाएवढा सुटलाय. घेणाऱ्याने विचारलं, खाली एमर्सन आहे का, काढून बघाल का? ताईने कोपऱ्याखाली उजेड धरून त्याला फोटो पाठवला आणि स्टिकर होता तसाच ठेवला.